विज्ञानाची बातमी दुसऱ्यांदा वाचू द्या

प्रति,
शाळेचे व्यवस्थापन मंडळ आणि अभ्यासक्रम समितीचे सर्व सदस्य

विषय : विज्ञानवार्ता परीक्षणाची तासिका बंद करण्याचा निर्णय

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

येत्या सत्राच्या वेळापत्रकातून आठवी ते दहावीची विज्ञानवार्ता परीक्षणाची साप्ताहिक तासिका वगळण्यात आली आहे. तिच्या जागी सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या आहेत. बातम्यांची सोय म्हणून परिपाठात रोज एका विद्यार्थ्याने विज्ञानाचा एक मथळा वाचून दाखवायचा आणि वर्षअखेरीस प्रत्येकाने कात्रणांची सजवलेली वही जमा करायची, असे परिपत्रक सांगते. ही तासिका मी घेते. बैठकीत मी विरोध नोंदवला, पण इतिवृत्तात तो आला नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. पत्र आपल्याला उद्देशून असले तरी पालकांनी आणि इतर शाळांतल्या शिक्षकांनीही ते वाचावे, कारण अशी तासिका जिथे जिथे असते तिथे तिथे वेळापत्रक आखताना पहिली कात्री तिलाच लागते.

परिपत्रकात तिचा उल्लेख ‘बातम्यांचे वाचन’ असा आहे. त्यावरून तासाला नेमके काय चालते हे आपल्यापर्यंत पोचलेले नाही असे दिसते. मुले गेल्या काही आठवड्यांतली एक बातमी निवडतात आणि तिच्यावर टिपण लिहितात. दावा कोणी केला? कशाच्या आधारावर? प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर, माणसांवर की फक्त संगणकावरच्या प्रतिकृतीवर? किती जणांवर? तुलना कोणाशी केली? शोधनिबंध इतर तज्ज्ञांनी तपासून छापला गेला आहे का? त्या संशोधनात नसलेल्या एखाद्या शास्त्रज्ञाला बातमीदाराने विचारले आहे का? शेवटी एक परिच्छेद स्वतःबद्दल : हे वाचून माझे आधीचे कोणते मत बदलले, आणि बदलले नसेल तर का नाही. इथपर्यंतचे काम बऱ्याच शाळांत होते. आमच्या तासाचा प्राण पुढच्या पायरीत आहे. काही महिने गेले की तीच बातमी पुन्हा काढायची, दरम्यान काय घडले ते शोधायचे, आणि आपले जुने टिपण समोर ठेवून दुसरे लिहायचे. आपण रद्द केले आहे ते हे दुसरे वाचन.

ते का लागते, हे एका बातमीवरून सांगते. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीने २०२४ वायआर४ हा लघुग्रह शोधला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळू शकतो, असे प्राथमिक गणित निघाले. जानेवारीअखेर ही शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारी २०२५ रोजी नासाच्या गणनेनुसार ३.१ टक्क्यांवर पोचली. वर्गात तेव्हा काय वातावरण होते ते मी पाहिले आहे. मुले घाबरली होती, आणि घाबरायला हरकत नव्हती. आकडा रोज चढत होता. पुढच्या काही दिवसांत तो घसरला आणि महिना संपता संपता जवळजवळ शून्यावर आला. मग अनेकांनी टिपणात एकच वाक्य लिहिले : ‘शास्त्रज्ञांचा अंदाज चुकला.’

अंदाज चुकला नव्हता. नव्याने सापडलेल्या लघुग्रहाची कक्षा सुरुवातीला धूसर असते. अमुक दिवशी तो एका लांबलचक पट्ट्यात कुठेही असू शकतो आणि त्या पट्ट्यात पृथ्वी हा एक ठिपका असतो. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आखडत जातो. पृथ्वी अजून आतच असेल, तर आखडलेल्या पट्ट्यात तिचा वाटा मोठा होतो आणि टक्केवारी चढते. पट्टा आखडता आखडता पृथ्वी एकदा त्याच्या बाहेर पडली, की शक्यता कोसळते. म्हणजे आकडा चढत होता तेव्हाही आपले ज्ञान वाढतच होते आणि कोसळला तेव्हाही. हे मुलांनी फळ्यावर पट्टा आखून, तो पुसत पुसत लहान करून, स्वतः शोधून काढले. दोन महिन्यांनी लिहिलेल्या टिपणांत ‘चुकला’ हा शब्द जवळपास कुणीच वापरला नाही. एका मुलीने लिहिले, ‘मी आकड्याला भीती समजत होते, तो माहितीचा आकडा होता.’ नववीतल्या मुलीच्या हातून हे वाक्य उतरणे म्हणजे काय, हे शिकवणारा प्रत्येक जण जाणतो.

आता माझी पहिली तक्रार. परिपाठात मथळा वाचण्याची योजना या बातमीला लावून पाहा. १८ फेब्रुवारीला कुणीतरी माईकवर ३.१ टक्के वाचले असते, सगळी शाळा हादरली असती, घंटा वाजली असती आणि मुले वर्गात गेली असती. शून्यावर आलेला आकडा कोण वाचणार? तो मथळा होत नाही. नुसते मथळे ऐकवण्याने मुलांच्या कानावर विज्ञानातले फक्त आश्चर्य आणि संकट पडते. उलगडा कधीच पडत नाही. त्यापेक्षा परिपाठात विज्ञानाची बातमी नसलेलीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तक्रार ‘अभ्यासक्रमाबाहेरचे’ या शेऱ्याबद्दल. तासिका बंद करण्यामागे हेच मुख्य कारण दिले आहे. टक्केवारी अभ्यासक्रमात आहे, संभाव्यता आहे, आलेख आहे, प्रयोगातले चल आणि नियंत्रित गट आहेत. या साऱ्यांची गरज मुलाला कुठे भासते ते सांगते. २०१५ साली जॉन बोहॅनन या विज्ञानपत्रकाराने काही सहकाऱ्यांबरोबर मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला. चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरते, असा निष्कर्ष काढला, तो एका नियतकालिकात छापून आणला आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी उचलली. अभ्यासात जेमतेम पंधरा माणसे होती आणि प्रत्येकाची अठरा वेगवेगळी मापे घेतली होती : वजन, कोलेस्टेरॉल, झोप आणि असेच बरेच काही. मी मुलांना एवढेच विचारले, की एका मापात निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के धरली, तर अठरा स्वतंत्र मापांपैकी निदान एकात तसा फरक दिसण्याची शक्यता किती? त्यांनी ०.९५ ही संख्या अठरा वेळा मांडून गुणाकार केला आणि तो एकातून वजा केला. उत्तर साधारण साठ टक्के. वर्गात कुजबूज सुरू झाली. संभाव्यतेच्या धड्यात नाणी उडवताना असे कधी झाले नव्हते.

दुसरे उदाहरण ऑक्टोबर २०१५ मधले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्क्यांनी वाढते, असे तिने म्हटले. मुलांनी याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार, असा काढला. मोठी माणसेही तोच काढतात. मुळात शंभरातल्या पाच जणांना हा आजार होत असेल असे समजू. मग १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे जेमतेम सहा. शिवाय तो गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. म्हणून मांस आणि तंबाखू एका गटात असले तरी त्यांची हानी सारखी ठरत नाही. हे न समजलेला विद्यार्थी परीक्षेत टक्केवारीचे गणित बरोबर सोडवेल आणि आयुष्यभर आरोग्याच्या बातम्या चुकीच्या वाचेल. सराव प्रश्नपत्रिकांना माझा विरोध नाही. मीही त्या सोडवून घेते. पण आठवड्यातल्या ज्या एका तासाला अभ्यासक्रम खरोखर वापरला जातो, तोच तास अभ्यासक्रमाच्या नावाने काढून घेतला जातो आहे.

तिसरी तक्रार कात्रणवहीची. ठरावीक संख्येची कात्रणे, मुखपृष्ठ, सुवाच्य अक्षर आणि वेळेत सादरीकरण यांना गुण आहेत. बातमीबद्दल विद्यार्थ्याने काय विचार केला याला एकही नाही. अशा वह्या मी पाहिल्या आहेत. त्या बहुतेक आदल्या रात्री तयार होतात, कधी पालकांच्या हातून. सारांश तर आता यंत्राकडून क्षणात लिहून मिळतो. मात्र ‘तीन महिन्यांपूर्वी मी हे का मानले आणि आज काय मानतो’ हे ज्याचे त्यालाच लिहावे लागते, कारण त्याचे जुने टिपण माझ्याकडे जमा असते.

आता ज्या आक्षेपाने मला खरोखर विचार करायला लावला, त्याबद्दल. बैठकीत एक सदस्य म्हणाले की अशा परीक्षणाने मुलांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो. प्रत्येक शोधात खोट काढायची सवय लागते. हा आक्षेप हलका नाही. पहिल्या सत्रात असे होतेही. चॉकलेटची बातमी झाली की पुढचे काही आठवडे मुले प्रत्येक बातमीवर ‘नमुना लहान आहे’ असा शिक्का मारतात आणि वाचणे थांबवतात. शंका घेणे लवकर जमते. विश्वास कशावर ठेवायचा हे ठरवायला खूप जास्त वेळ लागतो आणि नेमका तोच वेळ आपण कापला आहे.

म्हणून आम्ही टिकलेल्या बातम्याही वाचतो. गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांचा, पहिला संकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी उपकरणांत नोंदला गेला. तो जाहीर झाला ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधले महिने संशोधक काय करत होते, हा प्रश्न मी वर्गापुढे ठेवला. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांत तोच संकेत काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने आला होता, तरीही उपकरणातला दोष, बाहेरचा गोंगाट, कुणी मुद्दाम घातलेला खोटा संकेत, अशी एकेक शक्यता तपासून बाजूला केली जात होती. पुढे १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी आल्या आणि त्यानंतर दोन सेकंदांच्या आत गॅमा किरणांचा स्फोट वेगळ्याच उपकरणांना दिसला. स्वतंत्र वाटांनी आलेले पुरावे एका जागी भेटतात तेव्हा विश्वास कसा घट्ट होतो, हे या दोन बातम्या लागोपाठ वाचल्यावर मला वेगळे शिकवावे लागले नाही.

मग त्यांनी २०११ ची बातमी वाचली. युरोपातल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरचे अंतर कापून प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचे दिसले. संशोधकांनी तेव्हाच इतरांना तपासणीचे आवाहन केले होते आणि पुढच्या वर्षी नीट न जोडलेली एक प्रकाशतंतूची केबल सापडली. मुलांना मी विचारले, या लोकांवर तुमचा विश्वास वाढला की कमी झाला? त्या दिवशी वर्ग दुभंगला आणि घंटा झाल्यावरही वाद थांबला नाही. विज्ञानावरचा विश्वास या असल्या वादातून तयार होतो. ‘विज्ञान सांगते’ असे म्हणून दिलेले ठाम विधान एका चुकीच्या बातमीने मोडते आणि मोडले की मुलगा अफवांकडे वळतो.

काही बातम्यांचा निकाल मुलांना लावता येत नाही, आणि तेही त्यांना कळायला हवे. डिसेंबर २०१० मध्ये नासाने पत्रकार परिषद घेऊन, फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून वाढणारा जीवाणू सापडल्याचे सांगितले. २०१२ साली दोन स्वतंत्र गटांना ते पडताळता आले नाही. तरी तो शोधनिबंध नोंदीत तसाच राहिला आणि जुलै २०२५ मध्ये, जवळजवळ पंधरा वर्षांनी, ‘सायन्स’ या नियतकालिकाने तो मागे घेतला. त्यात लबाडी झाली असा आरोप संपादकांनी केला नाही. लेखकांनी मात्र मागे घेण्याला विरोध केला. निष्कर्ष टिकला नाही, पण फसवणूकही नाही, तर निबंध मागे घ्यावा का? दहावीच्या मुलांनी यावर दोन्ही बाजूंनी लिहिले. मला स्वतःला अजून खात्री नाही, आणि मी त्यांना तसे सांगितले.

अतिशयोक्ती येते कुठून, याबद्दलही थोडे. सगळा दोष बातमीदारांवर टाकायची आपल्याला सवय आहे. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धीपत्रकांचा अभ्यास २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यातल्या ४० टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा वाढवून वाचकांना सल्ला दिलेला होता. पत्रकात तशी अतिशयोक्ती असली तर ५८ टक्के बातम्यांत ती उतरत होती, नसली तर फक्त १७ टक्क्यांत. हे वाचल्यापासून मुले बातमीबरोबर विद्यापीठाचे पत्रक आणि निबंधाचा सारांश, असे तिन्ही शेजारी ठेवून वाचतात. त्यासाठी संगणक लागतो आणि ही माझी चौथी तक्रार आहे : संगणक कक्ष या कामासाठी मिळत नाही, प्रत्येक वेळी नवा अर्ज करावा लागतो, आणि विज्ञानाची नियतकालिके घेणे ग्रंथालयाने केव्हाच थांबवले आहे.

शेवटची तक्रार निर्णयाच्या वेळेबद्दल. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर मुख्यतः सजीवांकडून तयार होणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडसारख्या रेणूंच्या खुणा दिसल्याचे जाहीर केले. योगायोगाने असा संकेत मिळण्याची शक्यता ०.३ टक्के, असे ते म्हणाले. वर्गात लगेच वजाबाकी झाली : म्हणजे तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के! ही वजाबाकी चूक का आहे, यावर पहिली टिपणे अर्धीमुर्धी लिहून झाली आहेत. नंतर इतर गटांनी तीच निरीक्षणे वेगळ्या पद्धतीने तपासून तो संकेत पुरेसा भक्कम नसल्याचे म्हटले. दुसऱ्या वाचनासाठी आता सगळे हाताशी आहे. मुले विचारतात, बाई, त्या ग्रहाचे कधी घ्यायचे? आपल्या निर्णयानुसार याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे आहे. ते मी त्यांना अजून दिलेले नाही.

माझ्या मागण्या अशा :

ही साप्ताहिक तासिका वेळापत्रकात परत घ्यावी. दर आठवड्याला शक्यच नसेल तर पंधरवड्यातून एकदा, पण सलग दोन तासिकांची. तुकड्यातुकड्यांत हे काम होत नाही.

प्रत्येक बातमीचे दुसरे वाचन मूल्यमापनाचा भाग असावे आणि निम्मे गुण त्याला असावेत. कात्रणांची संख्या आणि सजावट यांचे गुण काढून टाकावेत. ‘मला हे कळले नाही, कारण…’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा गुण कापू नये.

परिपाठात विज्ञानाची बातमी ठेवायचीच असेल, तर मथळ्यानंतर दोन वाक्ये सक्तीची करावीत : हे कशावरून म्हणतात, आणि अजून काय ठाऊक नाही.

संगणक कक्ष या तासासाठी कायमचा राखून ठेवावा. ग्रंथालयाने निदान एक विज्ञान नियतकालिक पुन्हा सुरू करावे.

विज्ञान, गणित आणि भाषा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना महिन्यातून एकदा एकत्र बसायला वेळ द्यावा. संभाव्यता गणिताच्या शिक्षकांनी उलगडली आणि टिपणाची भाषा मराठीच्या शिक्षकांनी तपासली, तर हे काम माझ्या एकटीच्या आवाक्यापेक्षा कितीतरी चांगले होईल. तशी तयारी सहकाऱ्यांनी मला बोलून दाखवली आहे.

आणि अंतिम निर्णयाआधी, पुढच्या बैठकीला दोन-तीन विद्यार्थ्यांना त्यांची दोन्ही टिपणे घेऊन बोलवावे. कोणते विद्यार्थी ते आपणच निवडा. हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलेच हवीत असे नाही. पहिले टिपण वाचा, मग दुसरे वाचा, आणि मधल्या काळात काय झाले ते त्यांनाच विचारा. मी त्या वेळी खोलीत नसले तरी चालेल.

वेळापत्रक छापायला जाण्यापूर्वी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. ते सूचनाफलकावर लावले तर पालकांनाही वाचता येईल.

आपली,
विज्ञानवार्ता परीक्षणाची तासिका घेणारी शिक्षिका